दगडी जडावकाम: यंत्र घेण्याआधी टेबल बघा

प्रश्न: मी काही वर्षांपासून लाकडी पेट्यांच्या झाकणांवर लाकडाचंच जडावकाम करते. आता त्यात दगड बसवायचा आहे: अकीक, जॅस्पर, लाजवर्द, मॅलकाइट. नक्षी बहुतेक भौमितिक असते, म्हणजे आठ किंवा बारा पाकळ्यांची चक्रं, चांदण्या, चौकटी. माझ्याकडे साधा बेंच ग्राइंडर आणि अँगल ग्राइंडर आहे. त्यांवर काम केलं तर कडा उडतात. चक्र जुळवताना शेवटच्या पाकळीला जागा एकतर उरतच नाही, नाहीतर जास्त उरते. आणि चिकटवताना घट्ट वाटलेले सांधे घासून पॉलिश केल्यावर उघडे पडतात. सहा चाकांचं कॅबिंग मशीन घ्यावं, आडव्या चकतीचं फ्लॅट लॅप घ्यावं, की आहे त्याच ग्राइंडरला डायमंडचं चाक लावावं? कोन अचूक येण्यासाठी कोणतं साधन घ्यावं? काम राहत्या घरातल्या एका खोलीत चालतं.

उत्तर: तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मागे एकच गोष्ट दिसते. दगड तुमच्या बोटांत आहे, कशावर टेकलेला नाही. लाकडाच्या कामात डिस्क सँडरपुढे टेबल असतं, करवतीला फेन्स (तुकडा टेकवायची सरळ पट्टी) असते, आणि त्यांच्याशिवाय मायटर (कोनात कापलेला सांधा) कापायचा विचारही तुम्ही करणार नाही. दगडाकडे वळताना मात्र बहुतेक जण मोटर किती ताकदीची, चाकं किती, दाणा कोणता हे विचारतात आणि दगड टेकवायचा कशावर हा प्रश्न शेवटी येतो. माझा सल्ला उलट क्रमानं आहे. आधी पक्कं, सपाट, कोनात बसवता येणारं टेबल; मग त्याच्यापुढे फिरणारा सपाट, कडक पृष्ठभाग; मग पाणी. मोटर सगळ्यात शेवटी. दीडशे मिलीमीटरच्या चाकाला पाव ते अर्धा अश्वशक्तीची मोटर पुरते.

आधी हाताशी आहे त्याचा निकाल लावू. बेंच ग्राइंडरला डायमंड चाक लावू नका. त्याचा वेग साधारण २,८०० फेरे प्रतिमिनिट असतो. म्हणजे १५० मिमी चाकाची कड सेकंदाला २२ मीटर धावते. त्यावर पाणी सोडलं तर ते चाकावर न राहता तुमच्या अंगावर आणि मोटरमध्ये उडतं, कारण ती मोटर पाण्याजवळ चालवण्यासाठी बंदिस्त केलेलीच नसते. पाण्याशिवाय चालवलं तर डायमंडला धरून ठेवणारा निकेलचा किंवा रेझिनचा थर तापून खराब होतो, दगडाला केसासारख्या चिरा जातात आणि धूळ उडते. अकीक आणि जॅस्पर ही सिलिकाच आहे. ती धूळ फुफ्फुसात जात राहिली तर सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो आणि तो बरा होत नाही. राहत्या घरात कोरडं घासणं हा विषय इथेच संपला असं समजा, मास्क लावला तरीसुद्धा.

अँगल ग्राइंडर दगडाच्या मोठ्या कामात उपयोगी आहे. फरशी कापायला, जाड पाटाची कड उतरवायला तो लागतोच. पण १०० मिमीची चकती ११,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर जाते. नखाएवढी पाकळी चिमटीत धरून त्यापुढे नेणं धोक्याचं आहे, आणि इतक्या वेगात कड उडणारच. तो बाजूला ठेवा.

आता तुमच्या मनातल्या दोन यंत्रांकडे येते.

सहा चाकांचं कॅबिंग मशीन हे सुंदर यंत्र आहे, पण ते घुमटदार खडे बनवण्यासाठी आहे. त्यातली पहिली दोन चाकं, सहसा ८० आणि २२० दाण्याची (आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक), कडक असतात. पुढची चार, म्हणजे २८०, ६००, १,२०० आणि ३,०००, मऊ असतात. त्यांच्या पोटात स्पंज किंवा रबर असतं आणि ती दगडाच्या गोलाईप्रमाणे दबतात. अंगठीच्या खड्याला हेच हवं असतं. जडावाच्या सांध्याला ते घातक आहे, कारण मऊ चाक काटकोनी कडेचा कोपरा खाऊन टाकतं. असे दोन गोलसर कोपरे शेजारी आले की मध्ये बारीक चर तयार होतो, त्यात चिकट भरतं आणि पॉलिशनंतर काळी रेघ दिसते. ०.१ मिमीची काळी रेघसुद्धा डोळ्याला सहज टोचते. सहापैकी चार चाकं तुमच्या मुख्य कामाची नसतील तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही.

शिवाय चाक गोल असतं. कड चाकाच्या फिरण्याच्या दिशेत धरली तर ती सरळ होत नाही, आत खोलगट होते. १५० मिमीच्या चाकावर २० मिमी लांबीची कड अशी धरली तर मधोमध सुमारे ०.६७ मिमीची खोली येते, २०० मिमीच्या चाकावर अर्ध्या मिलीमीटरची. १५० मिमीच्या चाकावरचे असे दोन तुकडे समोरासमोर लावले की मध्ये सुमारे १.३ मिलीमीटरची पोकळी. हातानं धरून काम करणाऱ्याला सांधा टोकांना टेकलेला आणि मध्ये उघडा दिसतो तो बहुतेक वेळा यामुळेच. टेबलावर दगड आडवा ठेवून, कड चाकाच्या रुंदीच्या दिशेत धरली की हा दोष जातो. मग वक्रता फक्त दगडाच्या जाडीत उरते आणि ३ मिमी जाडीच्या कापात ती नगण्य असते.

फ्लॅट लॅपची आडवी चकती सपाट असते, म्हणून गोलाईचा प्रश्न तिथे नाही. तयार झालेली नक्षी वरून सपाट करायला आणि शेवटच्या पॉलिशला मला त्याहून चांगलं काही माहीत नाही. पण कडा घासायच्या तर तुकडा उभा धरावा लागतो, आणि त्याला काटकोनात धरून ठेवणारा पूल किंवा जिग चकतीच्या वर बसवावा लागतो. शिवाय चकतीच्या मध्याकडे वेग जवळपास शून्य आणि कडेला सगळ्यात जास्त, त्यामुळे घासणी सारखी होत नाही. हे यंत्र घ्याच, पण दुसरं म्हणून.

पहिलं कोणतं? तुमची नक्षी सरळ रेषांची आहे, म्हणून उभी फिरणारी सपाट डायमंड चकती आणि तिच्यापुढे झुकवता येणारं टेबल. तुमच्या डिस्क सँडरचीच रचना, फक्त पाण्यावर चालणारी आणि धीमी. तयार यंत्र मिळालं तर उत्तम. नसेल तर दोन-तीन चाकांचा लॅपिडरी (खडे घासायच्या कामाचा) शाफ्ट घ्या, ज्याच्या टोकाला सपाट चकती बसते. अशा बऱ्याच शाफ्टच्या एका टोकाला पॉलिशच्या चकतीची सोय असते. तिथे मऊ पॅडऐवजी धातूच्या कडक पाठीवर डायमंड चकती लावायची आणि समोर टेबल बसवून घ्यायचं. आतली दोन चाकं, ८० आणि २२०, ओबडधोबड आकार काढायला आणि बाहेरच्या गोलाईला कामी येतात. फेरे १,४०० च्या आसपास असले की पुरे. वेग कमी-जास्त करता येत असेल तर नाजूक कडांसाठी तो उतरवता येतो.

एवढ्यात इतका खर्च नको असेल तर काचकामवाल्यांचा ग्लास ग्राइंडर घ्या. स्टेन्ड ग्लासचे तुकडे घासायचं हे छोटं यंत्र. सपाट टेबल, मधून वर आलेला उभा डायमंड बिट, खाली पाण्यात बुडालेला स्पंज. बिट उभा असल्यामुळे कड आपोआप काटकोनी येते आणि वळणदार आकारांना तर हे फारच सोयीचं. ६ मिमीचा बारीक बिट लावला की आतल्या खोबणीतही शिरता येतं. मर्यादा दोन आहेत. बिटचा व्यास लहान असल्यानं लांब सरळ कड लाटांसारखी येते, म्हणून फेन्स लावावी लागते. आणि अकीकावर बिट लवकर झिजतो. लाजवर्द आणि मॅलकाइटवर तो बिनतक्रार चालतो. सुरुवात यावर करून, हात बसल्यावर चकतीचं यंत्र घेणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि नंतरही ग्लास ग्राइंडर वळणांसाठी कामाला येत राहील.

यंत्र पाहायला जाल तेव्हा अकीकाचा एक काप आणि खिशात मावेल असा, काटकोन तपासायचा स्टीलचा ट्राय स्क्वेअर सोबत न्या. यंत्र बंद असताना टेबलाचं टोक अंगठ्यानं दाबा. हललं तर पुढचं काही बघू नका. ५० मिमीवर १ मिमी झुकलं तरी कोन एक अंशाहून जास्त फिरतो. टेबल पातळ पत्र्याचं नसावं. शाफ्ट हातानं फिरवून चकतीपाशी पेन्सिलचं टोक स्थिर धरा. चकती एका जागी जवळ आणि दुसऱ्या जागी लांब जाताना दिसली तर ती दर फेऱ्याला दगडावर आपटणार आणि कड उडणार. डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं साधन) असेल तर ०.०५ मिमीच्या आतली थरथर चांगली समजा. बेअरिंग झाकलेली आहेत ना, गाळ त्यांच्यात जाणार नाही ना, हे विचारा. मोटर पाण्याच्या वाटेखाली बसवलेली असेल तर नको. मग काप टेबलावर ठेवून एक कड घासा, ट्राय स्क्वेअर लावा आणि उजेडाकडे धरा. फटीतून किती उजेड येतो ते तुम्हाला माहितीपत्रकापेक्षा खरं सांगेल. विक्रेता घासून बघू देत नसेल तर दुसरीकडे जा.

टेबलाच्या उंचीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चाकावर काम करताना सांध्याचा अर्धा जीव त्यात आहे. टेबलाचा पृष्ठभाग चाकाच्या मध्याच्या बरोबर पातळीवर असेल तर तिथे चाकाची कड उभी असते आणि दगडाला जवळजवळ काटकोन मिळतो. टेबल त्याहून वर उचललं की चाकाचा पृष्ठभाग मागे झुकत जातो. मग दगडाची वरची बाजू किंचित पुढे राहते आणि खालची आत जाते. १५० मिमीच्या चाकावर मध्यापासून ५ मिमी वर घासलं तर हा उतार सुमारे ३.८ अंशांचा होतो. जडावात नेमका असाच उतार हवा असतो: तुकडे दर्शनी बाजूला एकमेकांना घट्ट टेकतात आणि खाली चिकट जायला जागा राहते. पण हे सगळं दर्शनी बाजू वर असेल तरच. दगड उलटा ठेवून घासला की दर्शनी बाजूच आत जाते आणि फट वर येते. चाक समोरून खाली येत असल्यामुळे ढलप्याही खालच्या बाजूला उडतात, वरच्या नाही. दोन्ही कारणांनी नियम एकच: दर्शनी बाजू वर. प्रत्येक तुकड्यावर पक्क्या मार्करनं खूण करून ठेवा.

सपाट उभ्या चकतीवर उंचीचा हा खेळ नाही. तिथे टेबल मागच्या उतारासाठी दोन-तीन अंश झुकवायचं, बस.

आता तुमची तिसरी तक्रार, पॉलिशनंतर उघडणारे सांधे, इथेच सुटते. उतार जितका जास्त, तितकं वरून घासताना सांधा उघडतो. दोन्ही तुकड्यांना ३ अंशांचा उतार असेल आणि वरून अर्धा मिलीमीटर घासला, तर फट पडते सुमारे ०.०५ मिमी. डोळ्याला जेमतेम. उतार १० अंशांचा असेल तर तेवढ्याच घासणीत ०.१८ मिमी, म्हणजे स्पष्ट रेघ. हातात धरलेल्या तुकड्याला दहा अंश कधी होतात ते कळतही नाही. म्हणून उतार दोन-तीन अंशांवर ठेवा. नक्षी बारीक असेल तर वरची अर्धा ते एक मिलीमीटर जाडी काटकोनातच ठेवून उतार त्याखालून सुरू करा. मग थोडं जास्त घासलं तरी सांधा हलत नाही.

आणि मुळात जास्त घासावंच लागू नये. तुम्ही बहुधा लाकडाच्या खाचेत एकेक तुकडा वरून बसवत असाल. मग कोणी वर, कोणी खाली, आणि सगळे एका पातळीत आणायला बरंच घासावं लागतं. त्याऐवजी काचेच्या तुकड्यावर चिकटपट्टी उलटी पसरा, चिकट बाजू वर. त्यावर सगळी नक्षी दर्शनी बाजू खाली करून जुळवा आणि मागून इपॉक्सी सोडा. पाच मिनिटांत घट्ट होणारा नको, हळू सुकणारा घ्या; तो पातळ राहून सांध्यात उतरतो आणि जास्त टिकतो. काचेमुळे दर्शनी बाजू आधीच एका पातळीत येते. पाठीला पातळ पाटी चिकटवली की नक्षी एका तुकड्यासारखी हाताळता येते. ती पूर्ण घासून, पॉलिश करून, वाळवून मगच लाकडात बसवा, म्हणजे लाकडाला पाणी लागतच नाही. एक गोष्ट तुम्हाला माझ्याहून चांगली ठाऊक आहे, तरी लिहिते: लाकूड हवेतल्या ओलाव्यानं रेषेला आडवं फुगतं आणि आकसतं, दगड नाही. रुंद दगडी नक्षी भरीव लाकडाला आडवी पक्की चिकटवली तर काही ऋतूंत एकतर ती तडकेल किंवा लाकूड चिरेल. तिच्याखाली प्लायवूडचं झाकण ठेवा.

कोनाच्या साधनांबद्दल. दुकानात डिजिटल अँगल गेज, कोनमापक, सरकतं बेव्हल, मायटर गेज असं बरंच दिसेल. तुमच्या कामाला दोन वेगळे कोन लागतात आणि ते वेगवेगळ्या साधनांनी मिळतात. एक टेबलाचा चकतीशी असलेला कोन, ज्यानं मागचा उतार ठरतो. दुसरा पाकळीचा स्वतःचा कोन, जो टेबलावर आडवा मोजला जातो आणि फेन्सनं ठरतो.

पहिल्यासाठी डिजिटल गेज ठीक आहे. चुंबकाचा छोटा डबा असतो, तो साधारण ०.१ ते ०.२ अंशांपर्यंत खरं सांगतो. मात्र आधी तो चकतीच्या धातूच्या पाठीवर लावून शून्य करा, मग टेबलावर ठेवा. यंत्र मुळात सपाट ठेवलेलं आहे असं गृहीत धरून थेट टेबल मोजलं तर आकडा चकतीबद्दल काहीच सांगत नाही. टेबल ॲल्युमिनियमचं असेल तर चुंबक धरणार नाही. त्यानं फरक पडत नाही, नुसता टेकवून ठेवा.

दुसऱ्या कोनासाठी डिजिटल काही घेऊ नका. इथे चूक जमा होत जाते. बारा पाकळ्यांच्या चक्रात प्रत्येकीला ३० अंश हवेत. प्रत्येक पाकळी अर्ध्या अंशानं चुकली तर एकूण ६ अंश, आणि ३० मिमी त्रिज्येच्या चक्रात त्याची बाहेरच्या कडेला सुमारे ३ मिमीची फट होते. शेवटच्या पाकळीला जागा उरणं किंवा न उरणं याचं कारण हेच. छोट्या कोनमापकावर अर्धा अंश डोळ्याला दिसतही नाही.

३०, ४५, ६० आणि ९० अंशांसाठी कंपासपेटीतले गुण्ये वापरा. मोठ्या आकाराचे, चांगल्या प्रतीचे घ्या. चकतीला गुण्याची एक बाजू टेकवा, दुसरीला फेन्स, आणि फेन्स घट्ट करा. इतर कोनांसाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा त्रिकोण स्वतः कापा. पाच टोकांच्या चांदणीला ३६ अंश लागले, तर काटकोन आखून एक बाजू २०० मिमी आणि दुसरी १४५.३ मिमी घ्या. त्रिकोण मोठा असल्यामुळे या दुसऱ्या बाजूत पूर्ण १ मिमी चूक झाली तरी कोन सुमारे ०.२ अंशानंच फिरतो. असे सात-आठ त्रिकोण भिंतीवर टांगून ठेवले की कोन लावायला मोजमाप करावंच लागत नाही, आणि सहा महिन्यांनी तीच पाकळी पुन्हा लागली तर तोच कोन मिळतो.

फेन्स लावल्यावर लगेच महागडा दगड घासू नका. फरशीच्या टाकाऊ तुकड्यांच्या पाकळ्या घासून पूर्ण चक्र जुळवा. उरलेली फट कोनात मोजा आणि पाकळ्यांच्या संख्येनं भागा. एका पाकळीत किती दुरुस्ती करायची ते हातात येतं. बारा पाकळ्यांत १२ पट झालेली चूक मोजणं एकेकीची चूक मोजण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. तशीच टेबलाच्या काटकोनाचीही परीक्षा होते. टेबल ९० अंशांवर लावा, दोन तुकड्यांच्या कडा घासा, दोन्ही सपाट काचेवर कडेला कड लावून ठेवा, मग त्यातला एकच उलटा करा. दोन्ही वेळा सांधा वरपासून खालपर्यंत बंद राहिला तर काटकोन खरा.

इतकं करूनही कोन मधूनच बिघडला तर टेबल पुसा. हे लहान वाटतं, पण गाळातला ०.२ मिमीचा एक कण १० मिमी रुंदीच्या पाकळीखाली सापडला की ती एक अंशाहून जास्त कलते. ८० दाण्याच्या चकतीचा कण साधारण तेवढाच असतो. दर घासणीनंतर ओल्या स्पंजाचा एक हात फिरवायची सवय लावा. टेबलाला गाळ वाहून जायला बारीक चर असतील तर अजून चांगलं.

चकती आणि टेबल यांच्यात एक मिलीमीटरच्या आसपास अंतर ठेवा. जास्त ठेवलं तर पातळ टोक खाली ओढलं जातं, तुटतं, आणि त्याच्यामागून बोट जाऊ शकतं. लहान पाकळ्या बोटात धरूच नका. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पट्टीच्या टोकाला सुपरग्लूच्या थेंबानं चिकटवा, घासून झालं की ॲसिटोनमध्ये सोडवा.

दाण्याचं थोडक्यात. आकार ८० वर काढा, पण रेषेच्या एक मिलीमीटर अलीकडे थांबा, कारण ८० ची ढलपी तेवढी आत जाऊ शकते. २२० वर रेषेपर्यंत या आणि सांधा ६०० वर पूर्ण करा. लाजवर्द आणि मॅलकाइटची कड ठिसूळ असते, तिथे ८० वापरूच नका. पहिल्या खरेदीत २२० आणि ६०० च्या कडक चकत्या चांगल्या घ्या, बाकी नंतर. चकती बोथट झाली की दाब वाढवायचा मोह होतो, तो टाळा. सिंटर्ड चकतीला (जिच्या धातूत डायमंड खोलवर मिसळलेला असतो) मऊ विटेचा किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कांडीचा तुकडा घासून नवे कण उघडे करता येतात, पाट्याला टाकी लावावी तसे. इलेक्ट्रोप्लेटेड चकतीत डायमंडचा एकच थर असतो, तो संपला की चकती संपली. स्टीलवर मात्र कोणतीच डायमंड चकती चालवू नका.

तुम्ही निवडलेल्या दगडांत एक अडचण दडलेली आहे. दगडाचा कठीणपणा सांगणाऱ्या मोहस् मापावर अकीक आणि जॅस्पर ६.५ ते ७, लाजवर्द ५ ते ५.५, आणि मॅलकाइट ३.५ ते ४. हे शेजारी बसवून मऊ पॅडवर पॉलिश केलं तर मॅलकाइट खाली बसतो आणि अकीक वर उचलल्यासारखा राहतो. बोट फिरवलं की पायरी लागते. शेवटपर्यंत कडक, सपाट चकतीवर राहा, दाब हलका ठेवा, आणि फेल्टवर अगदी शेवटी, थोडाच वेळ जा. पहिली दोन-तीन कामं तरी जवळच्या कठीणपणाच्या दगडांची करा: अकीक जॅस्परसोबत. मॅलकाइट नंतर. तो तांब्याचा दगड आहे, त्याची धूळ विषारी असते, म्हणून तो नेहमी भरपूर पाण्यावरच.

खोलीबद्दल. यंत्र ज्या सॉकेटला लावाल त्याला ३० मिलीॲम्पिअरला तुटणारं गळतीरक्षक असलंच पाहिजे. विजेची वायर सॉकेटपर्यंत सरळ न नेता आधी खाली झोका देऊन न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोक्याच्या तळाशी ठिबकेल. चाकावरून उडणाऱ्या तुषारांतही सिलिका असते, म्हणून पुढे पारदर्शक आडोसा लावा, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर व्यवस्थित बसणारा, बारीक धूळ अडवणारा रेस्पिरेटर ठेवा. बांगड्या, ओढणी, मोकळे केस, सैल हातमोजे फिरत्या शाफ्टजवळ नकोत. उडालेला गाळ वाळला की पुन्हा धूळ होतो. काम संपल्यावर तो ओला असतानाच पुसा, झाडू मारू नका. पाणी मोरीत ओतू नका, गाळ पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं स्वच्छ पाणी काढून पुन्हा यंत्राला वापरा, आणि खालचा गाळ ओलाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

दगड कापायची करवत यंत्रासोबतच घ्यायची घाई करू नका. सुरुवातीला ३ मिमीचे तयार काप घ्या, सगळे एकाच जाडीचे. पातळ पात्याची १५० मिमीची ट्रिम करवत नंतर घेता येईल, तुम्हाला कोणत्या दगडाचं किती काम आहे हे कळल्यावर.